अम्लराजातलं सोनं खाली बसत नाहीये, युरिया टाकू की अमोनिया?

दोन्ही नको. अमोनिया तर मुळीच नको. सोन्याच्या द्रावणात अमोनिया गेला की जो गाळ बसतो तो वाळल्यावर नुसत्या घासण्यानेही स्फोट करतो. युरिया लोक डोळे मिटून टाकतात, पण त्याने अम्लराजातलं (हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक आम्लांचं मिश्रण) उरलेलं नायट्रिक जात नाही. आणि तुमची अडचण तेच नायट्रिक आहे.

तुम्ही लिहिलंय की पुण्याच्या तपकीर गल्लीतून कॉम्प्युटरच्या जुन्या रॅमच्या पट्ट्या आणल्या, कापून थेट अम्लराजात टाकल्या, हिरवंगार पाणी झालं आणि मेटाबायसल्फाइट (सोनं खाली बसवणारी पावडर) टाकूनही काही दिसत नाही. चूक पहिल्याच पायरीला झाली. पट्टीवर सोन्याचा नुसता पापुद्रा, खाली सगळं तांबं आणि निकेल. आधी हायड्रोक्लोरिक आणि थोड्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये तांबं खाऊ दिलं असतं, तर सोन्याच्या चकचकीत पापड्या तरंगत सुटल्या असत्या. मग तेवढ्याच विरघळवायच्या. ग्रॅमभर सोन्याला साधारण 4 मिली हायड्रोक्लोरिक आणि 1 मिली नायट्रिक पुरतं. तुम्ही बहुधा वाटीभर ओतलंय. नायट्रिक शिल्लक असेपर्यंत खाली बसू पाहणारं सोनं पुन्हा विरघळतं, आणि तुमची पावडर फुकट जाते.

माझं आजोळ विट्याकडचं, मामा गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारे. रविवार पेठेत त्यांच्या हाताखाली होतो तेव्हा मी एकदा धुण्याचं पाणी "यात काय असणार" म्हणून मोरीत ओतायला निघालो. मामांनी टिश्यूवर एक थेंब घेतला, त्यावर स्टॅनस क्लोराइडचा थेंब सोडला, आणि कागद जांभळा झाला. "लेका, सोनं गटारात घालतुयास व्हय?" एवढंच म्हणाले. तेव्हापासून तपासल्याशिवाय एक चमचा पाणी मी टाकलेलं नाही.

ही तपासणी तुम्हीही करा. कल्हईवाल्याकडचं कथील हायड्रोक्लोरिकमध्ये विरघळवलं की स्टॅनस क्लोराइड झालं, पण ते फार दिवस टिकत नाही, ताजंच वापरा. नायट्रिक जास्त असलं तर जांभळा रंग क्षणभर येऊन उडून जातो. तो उडाला म्हणजे सोनं नाही, असं समजू नका.

आता तुमच्या बरणीचं काय? ती तापवून नायट्रिक घालवायला बाल्कनी पुरत नाही. तांबूस धूर म्हणजे नायट्रोजन डायऑक्साइड. तो ओढला की तेव्हा थोडं खोकायला होतं, आणि फुफ्फुसात पाणी भरतं ते कित्येक तासांनी, माणूस जेवून झोपल्यावर. त्यापेक्षा पट्ट्यांचे तुकडे गाळून काढा (पुसट सोनं त्यांच्यावरही परत बसलेलं असू शकतं, जपून ठेवा) आणि उघड्या गच्चीवर, माणसांपासून लांब, काचेच्या भांड्यात स्वच्छ तांब्याची जाड पट्टी सोडा. झाकण सैल ठेवा, घट्ट लावलं तर फुटेल. तांबं आधी नायट्रिक संपवेल, धूर येईलच, मग सोनं काळ्या-तपकिरी भुकटीच्या रूपात उतरायला लागेल. दोन-तीन दिवस लागले तरी चालेल. थेंबाला जांभळा रंग येईनासा झाला की भुकटी गाळून घ्या. ती कॉफीच्या चोथ्यासारखी दिसते, घाण समजून फेकणारे मी पाहिलेत.

ती भुकटी घेऊन गलाईवाल्याकडे जा, पुढचं शुद्धीकरण त्याला करू द्या. उरलेल्या पाण्यात लोखंडाचा भंगार टाकून तांबं उतरवा, मग चुन्याने आम्ल मारा. तरीही ते नाल्यात नको, आपल्याकडे नाला शेवटी मुठेतच जातो. आणि याचा धंदा करायचा विचार असेल तर 2022 च्या ई-कचरा नियमांनुसार केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी लागते, घरच्या गच्चीवर ती मिळत नाही.