ऑस्ट्रेलियाच्या जुन्या रॉक-पॉप संगीतात एवढे ऐकण्यासारखे काय आहे?

ऑस्ट्रेलियाचे जुने रॉक संगीत म्हणजे एसी/डीसी हा बँड आणि 'डाउन अंडर' हे गाणे एवढेच ना; त्यापलीकडे काही असेल तर नवख्याने ते कुठून ऐकायला घ्यावे, असा आपला प्रश्न आहे. मी नोकरीच्या निमित्ताने आठ वर्षे मेलबर्नमध्ये होतो, आणि शनिवारची दुपार जुन्या रेकॉर्डींच्या दुकानांत प्लास्टिकचे क्रेट चाळण्यात घालवायची जी सवय तेव्हा लागली, ती पुण्याला परतल्यावरही सुटलेली नाही. तेव्हा हे उत्तर तटस्थ समीक्षकाचे नसून नाद लागलेल्या माणसाचे आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

आपण घेतलेली दोन्ही नावे मुळीच चुकीची नाहीत. फक्त ती कुठून आली हे पाहिले की बाकीचे संगीत आपोआप समोर येऊ लागते. माझ्या मते या संगीताचा पोत दोन गोष्टींनी ठरवला: एक, ते मोठ्या प्रमाणावर बाहेरून येऊन वसलेल्या कुटुंबांतील मुलांनी घडवले, आणि दोन, ते अशा गर्दीसमोर घडले जिला गाणे ऐकण्याची कसलीही गरज वाटत नव्हती.

पहिल्या गोष्टीसाठी सिडनीच्या पश्चिमेकडील व्हिलावुड येथे जावे लागते. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातून येणाऱ्या स्थलांतरितांसाठी तेथे सरकारी वसतिगृह होते. (त्याच जागी आज व्हिसा नसलेल्या परदेशी लोकांना अडकवून ठेवण्याचे केंद्र आहे.) १९६४ मध्ये या वसतिगृहातील ओळखींतून 'द ईझीबीट्स' हा बँड उभा राहिला. हॅरी वँडा आणि डिक डायमंड हे दोघे डच, जॉर्ज यंग ग्लासगोचा, गायक स्टीव्ही राइट लीड्सचा आणि ड्रमवादक स्नोई फ्लीट लिव्हरपूलचा. ऑस्ट्रेलियाचा पहिला मोठा रॉक बँड म्हणून ज्याचे नाव घेतले जाते, त्यातला एकही जण ऑस्ट्रेलियात जन्मलेला नव्हता.

त्यांचे 'फ्रायडे ऑन माय माइंड' हे गाणे १९६६ चे. लंडनला ध्वनिमुद्रित झालेले हे गाणे ऑस्ट्रेलियात पहिल्या आणि ब्रिटनमध्ये सहाव्या क्रमांकापर्यंत पोहोचले. गीतकार-संगीतकारांच्या हक्कांचे काम पाहणाऱ्या आप्रा या संस्थेने २००१ मध्ये मागील ७५ वर्षांतील उत्तम ऑस्ट्रेलियन गाणी निवडली, तेव्हाही पहिला मान यालाच मिळाला. ते चांगल्या हेडफोनवर एकदा लक्षपूर्वक ऐकावे. सुरुवातीला गिटारवर तुटक, दाबून धरलेले स्वर टिपक्यांसारखे पडत राहतात, गायक सोमवारपासून एकेक वार कंटाळून मोजत पुढे सरकतो, मागचे आवाज त्याला वर वर ढकलत नेतात आणि शुक्रवार उजाडताच सगळे गाणे एकदम मोकळे होते. आठवडाभर दुसऱ्याच्या कामावर राबणाऱ्या माणसाचा शुक्रवार कसा असतो हे अडीच-तीन मिनिटांत इतके नेमके सांगणारे दुसरे गाणे मला माहीत नाही, आणि ते वसतिगृहात राहून आलेल्या मुलांनाच सुचावे यात मला मुळीच नवल वाटत नाही.

१९६९ मध्ये हा बँड फुटला. पुढे वँडा आणि यंग या जोडीने सिडनीत परतून आल्बर्ट स्टुडिओमध्ये इतरांसाठी गाणी लिहिण्याचे व ध्वनिमुद्रित करण्याचे काम हाती घेतले. जॉर्जचे धाकटे भाऊ माल्कम आणि अँगस यांनी १९७३ मध्ये स्वतःचा बँड काढला होता. त्यांच्या थोरल्या बहिणीला शिवणयंत्रावर दिसलेली अक्षरे म्हणजेच त्याचे नाव, एसी/डीसी. त्यांच्या पहिल्या अनेक अल्बमांची निर्मिती याच जोडीने केली. गंमत अशी की जॉन पॉल यंगने गायलेले 'लव्ह इज इन द एअर' हे लग्नसमारंभात हमखास वाजणारे गोडगोड गाणेही याच दोघांचे आहे. एकाच कारखान्यातून हातोडी आणि अत्तराची कुपी दोन्ही निघावीत, तसा हा प्रकार.

२३ फेब्रुवारी १९७६ रोजी एसी/डीसीने मेलबर्नच्या स्वॉन्स्टन स्ट्रीटवरून उघड्या ट्रकवर उभे राहून 'इट्स अ लाँग वे टु द टॉप' या गाण्याचे चित्रीकरण केले, ते जरूर पाहावे. ट्रकवर स्कॉटिश पोशाखातील पाइपवादक आहेत, गायक बॉन स्कॉटच्या हातातही बॅगपाइप आहे, आणि फुटपाथवरचे लोक कामाच्या गडबडीत मान वळवून पाहत आहेत. स्कॉट तरुणपणी पाइप बँडमध्ये होता खरा, पण तेथे तो ड्रम वाजवत असे. जॉर्ज यंगने त्याला बॅगपाइप वाजवायला लावले आणि त्याने ते कसेबसे शिकून घेतले. मी त्याच रस्त्यावरून कैक वर्षे ट्रामने कामावर जात होतो, आणि सकाळच्या गर्दीतही तो ट्रक आठवल्याशिवाय राहत नसे.

आता दुसरी गोष्ट, म्हणजे पब. ऑस्ट्रेलियाच्या बऱ्याच राज्यांत कित्येक दशके दारूचे गुत्ते संध्याकाळी सहालाच बंद होत. न्यू साउथ वेल्समध्ये हा निर्बंध १९५५ मध्ये उठला, व्हिक्टोरियात १९६६ मध्ये आणि साउथ ऑस्ट्रेलियात त्याच्या पुढच्या वर्षी. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला काही राज्यांनी दारू पिण्याचे वय १८ वर आणले. उपनगरांतील हमरस्त्यांवर प्रचंड मोठे पब होतेच. ते रात्री भरण्यासाठी मालकांना बँड हवे होते, आणि एकाच भागात आठवड्याला पाच-सहा कार्यक्रम मिळू लागल्यामुळे बँडांची तालीम लोकांसमोरच होऊ लागली. समोरचा माणूस दिवसभर काम करून आलेला असे, त्याचे लक्ष ग्लासाकडे असे आणि दुसऱ्या गाण्यापर्यंत पकड बसली नाही तर तो शेरेबाजी सुरू करी. या संगीतातला मोठा आवाज, सरळ ठेका आणि भुईला पाय रोवून गाण्याची पद्धत तेथून आली, असे मी समजतो. संगीताच्या शाळांनी नव्हे, या पबांनी हे वादक तयार केले.

पब रॉकचे शिखर म्हणजे ॲडलेडचा 'कोल्ड चिझल' हा बँड. ग्लासगोहून आलेला जिमी बार्न्स हा त्याचा गायक, आणि पियानोवादक डॉन वॉकर बहुतेक गाण्यांचा कर्ता. १९७८ चे 'खे सान' हे त्यांचे गाणे व्हिएतनाममधून परतलेल्या आणि कुठेच न रमणाऱ्या सैनिकाची कैफियत आहे. ज्या युद्धासाठी विशीतील मुलांना जन्मतारखांची सोडत काढून लष्करात भरती केले जाई, त्यातून आलेला माणूस नोकऱ्या बदलत, गावे बदलत फिरतो आणि शेवटी सिडनीहून सुटणाऱ्या अखेरच्या विमानापाशी येऊन थांबतो. त्यातील अमली पदार्थांच्या आणि शरीरसंबंधांच्या उल्लेखांमुळे ते रेडिओवर वाजवण्यास अयोग्य ठरवले गेले. शिवाय त्याला नेहमीसारखे ध्रुवपदच नाही; कडव्यामागून कडवे येत राहते. म्हणजे लोकप्रिय व्हायला जे जे लागते ते बहुतेक त्याच्याकडे नाही.

तरीही आमच्या कार्यालयातील एका सहकाऱ्याच्या निरोप समारंभात, कोपऱ्यातल्या पबमध्ये, पियानोचे सुरुवातीचे स्वर वाजले आणि सगळे टेबल एकदम उभे राहिले. आमचे एक वयस्कर हिशेबनीस होते, ज्यांच्या तोंडून महिनोन्महिने 'गुड मॉर्निंग'च्या पलीकडे काही ऐकल्याचे मला आठवत नव्हते. त्यांनी डोळे मिटून, एकही शब्द न चुकवता, पहिल्या कडव्यापासून शेवटपर्यंत ते गाणे म्हटले आणि संपल्यावर काहीच झाले नाही अशा चेहऱ्याने खाली बसून चिप्स खाल्ले. त्यानंतर मी घरी जाऊन त्या गाण्याचे शब्द शोधून वाचले. माझा नाद खऱ्या अर्थाने त्या रात्री सुरू झाला. ('द एंजल्स' या बँडच्या एका गाण्यात प्रेयसीला विचारलेल्या केविलवाण्या प्रश्नाला सगळा पब एकसुरात उत्तर देतो, तेही त्याच रात्री प्रथम ऐकले. मूळ ध्वनिमुद्रणात ते उत्तर नाही, आणि येथे लिहिण्यासारखे तर अजिबातच नाही.)

गाण्यांत स्वतःच्या गावाचे नाव घेण्याचे धैर्यही याच काळातले आहे. त्याआधीची बरीच स्थानिक गाणी अमेरिकेच्या नकाशावर फिरत असत. १९७४ मध्ये 'स्कायहुक्स' या मेलबर्नच्या बँडने पहिल्या अल्बममध्ये कार्लटन, बॉलविन, टूरॅक अशा शहरातल्याच वस्त्या आणल्या. त्यातील दहापैकी सहा गाण्यांवर व्यावसायिक रेडिओने बंदी घातली, आणि अल्बम तुफान खपला. त्याच वर्षी सरकारी एबीसी दूरचित्रवाणीवर 'काउंटडाउन' हा गाण्यांचा कार्यक्रम सुरू झाला. रविवारी संध्याकाळी सहा वाजता लागणारा हा कार्यक्रम १९८७ पर्यंत चालला, आणि आपल्याकडे एकेकाळी 'छायागीत'साठी घरे जशी टीव्हीसमोर जमत, तसेच काहीसे त्याचे होते.

आता 'डाउन अंडर'. 'मेन ॲट वर्क' हे मेलबर्नच्या रिचमंड भागातील एका पबमध्ये नियमित वाजवणारे लोक, आणि त्यांचा गायक 'कॉलिन हे' हा पुन्हा स्कॉटलंडहून किशोरवयात आलेला. १९८३ च्या आरंभी त्यांचे हे गाणे आणि त्यांचा अल्बम हे दोन्ही अमेरिका व ब्रिटन या दोन्ही देशांत एकाच वेळी पहिल्या क्रमांकावर होते. मराठी श्रोत्याला त्यात एक गोष्ट हमखास टोचते किंवा हसवते: गाण्यातला भटका ऑस्ट्रेलियन शेवटच्या कडव्यात मुंबईच्या एका अड्ड्यावर नशेत पडलेला आहे. युरोपातून जमिनीच्या मार्गाने भारतात येणाऱ्या हिप्पींच्या वाटेवरचे ते चित्र आहे, आणि लोक राष्ट्रगीतासारखे गातात त्या गाण्याचा नायक प्रत्यक्षात थोडासा वाया गेलेला आहे, हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

या गाण्यातील बासरीची गोष्ट मला आजही अस्वस्थ करते. मॅरियन सिंक्लेअर या मेलबर्नच्या शिक्षिकेने १९३२ मध्ये कूकाबरा पक्ष्यावर एक बालगीत लिहिले होते, जे तेथील प्रत्येक मूल शाळेत शिकते. बँडमधील ग्रेग हॅमने बासरीवर त्याचा एक तुकडा गमतीने वाजवला, आणि पंचवीसेक वर्षे त्यावर कोणीही हरकत घेतली नाही. २००७ मध्ये दूरचित्रवाणीवरील संगीतविषयक प्रश्नमंजूषेत हे साम्य प्रश्न म्हणून विचारले गेले आणि बालगीताचे हक्क विकत घेतलेल्या कंपनीने दावा ठोकला. २०१० मध्ये न्यायालयाने २००२ पासूनच्या मानधनाचे ५ टक्के त्या कंपनीला देण्याचा आदेश दिला. कायद्याने ते बरोबर असेलही. पण भजनात एखाद्या ओवीची चाल डोकावावी तशी ती जागा होती, आणि तिला चोरी म्हणणे मला पटत नाही. ग्रेग हॅम २०१२ मध्ये गेला. आपण गाणे चोरणारा म्हणून लोकांच्या लक्षात राहू, ही खंत त्याने बोलून दाखवली होती.

'मिडनाइट ऑइल'चे 'बेड्स आर बर्निंग' आपण बहुधा ऐकले असेल, पण त्याची पार्श्वभूमी कळल्यावर ते वेगळेच ऐकू येते. १९८६ मध्ये या बँडने वाळवंटातील मूलनिवासींच्या वस्त्यांतून 'वारुम्पी बँड'सोबत दौरा केला. पिंटुपी लोकांना पूर्वी त्यांच्या वाळवंटातून हलवून पापुन्याच्या वसाहतीत आणले होते, आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ते स्वतःहून आपल्या मूळ प्रदेशातील किंटोरला परत गेले होते. गाण्यात किंटोर आणि युएंडुमू या वाळवंटातील वस्त्यांची नावे येतात ती त्यामुळे. वारुम्पी बँडने तर १९८३ मध्येच लुरिचा भाषेत रॉक गाणे काढले होते. मूलनिवासी भाषेतील ते पहिले रॉक गाणे मानले जाते. सिडनी ऑलिंपिकच्या समारोपात, मूलनिवासी मुलांना त्यांच्या कुटुंबांपासून हिरावून नेल्याबद्दल माफी मागायला सरकार नकार देत असताना, पंतप्रधानांसमोर मिडनाइट ऑइलचे लोक 'सॉरी' हा शब्द लिहिलेले काळे कपडे घालून गायले. २००८ मध्ये संसदेने माफी मागितली तेव्हा त्यांचा गायक पीटर गॅरेट मंत्रिमंडळात होता.

आपल्या कानाला सर्वांत जवळचा मात्र पॉल केली वाटेल. त्याची १९८७ ची ब्रॅडमनवरची सात मिनिटांची रचना म्हणजे गिटारवरचा पोवाडाच आहे. १९२६ साली गावाकडून सिडनीला आलेल्या पोरापासून ती सुरू होते. केव्ह कार्मडीसोबत त्याने रचलेले, १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेले 'फ्रॉम लिटल थिंग्ज बिग थिंग्ज ग्रो' हे गाणे व्हिन्सेंट लिंगियारी आणि गुरिंजी या मूलनिवासी जमातीच्या गुराख्यांच्या संपाची कथा सांगते. १९६६ मध्ये वेव्ह हिल येथील गुरांच्या मळ्यावरून हे लोक काम सोडून निघाले, आणि १९७५ मध्ये पंतप्रधान व्हिटलम यांनी लिंगियारींच्या हातावर मूठभर माती ओतून जमीन परत केली. गाणे हे सगळे अगदी साध्या शब्दांत, घाई न करता सांगते.

इनएक्सएस, बी जीज आणि कायली मिनोग यांच्यासाठी माझ्या शिफारशीची गरज नाही. 'क्राउडेड हाउस'बद्दल लिहिताना न्यूझीलंडच्या वाचकांची आधीच क्षमा मागावी लागते, कारण गायक नील फिन त्यांचा आहे आणि बँड मेलबर्नचा.

तेव्हा सुरुवात 'फ्रायडे ऑन माय माइंड'ने करावी, मग ट्रकवरची ती चित्रफीत पाहावी, मग 'खे सान' शब्द समोर ठेवून दोनदा ऐकावे आणि केलीकडे वळावे. तेथवर आलात की ब्रिस्बेनकडे या. 'द सेंट्स'ने १९७६ मध्ये स्वखर्चाने काढलेली 'स्ट्रँडेड' ही तबकडी ब्रिटनमधील पहिल्या पंक सिंगलच्याही महिनाभर आधीची आहे. आणि त्याच शहरातील 'द गो-बिट्वीन्स' या बँडचे, उसाच्या शेतांतून घरी परतणाऱ्या मुलाविषयीचे 'कॅटल अँड केन' हे १९८३ चे गाणे माझे सर्वांत आवडते आहे. हा बँड हयातीत कधी फारसा खपला नाही. २०१० मध्ये ब्रिस्बेन नदीवरील एका नव्या पुलाला त्याचे नाव देण्यात आले, आणि त्या पुलावरून गाडी न्यायची तर टोल भरावा लागतो.