वाचकांचे प्रश्न : एका गीतपुस्तकात दोघी

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी ख्रिस्ती महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलामुलींची आहेत, आणि त्यांतली बहुतेक अभ्यासाविषयी नसून सोबत्यांविषयी आहेत. वसतिगृहाची अधीक्षिका म्हणून अनेक वर्षे काढल्यामुळे मला त्याचे नवल वाटले नाही. त्यांतली पाच पत्रे येथे घेतली आहेत.

प्रश्न : मी पहिल्या वर्षाला आहे. घरचे वातावरण भाविक असल्यामुळे ख्रिस्ती महाविद्यालयात गेल्यावर आपल्यासारख्या मैत्रिणी आपोआप मिळतील, असे मी धरून चालले होते. चार महिने झाले; चॅपलमध्ये मी रोज जाते आणि रोज एकटीच बसते. माझी खोलीतली सोबतीण चॅपलची घंटा झाली की उशी डोक्यावर ओढून झोपते, देवाधर्माचे काही बोलले की हसते. पण मला ताप आला तेव्हा रात्रभर तीच जागली. माझा ओढा तिच्याकडेच आहे आणि त्याची मनाला टोचणी लागते. माझे काही चुकते आहे का?

उत्तर : वागणे चुकलेले नाही, अपेक्षा चुकली आहे. चॅपल ही उपासनेची जागा आहे, ओळखी करून घेण्याची नव्हे. तिथे सगळ्यांची तोंडे वेदीकडे असतात, आपसांत बोलायचे नसते, आणि शेवटचा आशीर्वाद झाला रे झाला की पहिल्या तासाची धावपळ सुरू होते. वर्षभर एकाच बाकावर बसूनही शेजारणीचे नाव माहीत नाही, असे सांगणाऱ्या मुली मला दर वर्षी भेटत. मैत्री जमताना मी पाहिली ती उपासनेच्या आधी किंवा नंतर, कोणी खुर्च्या मांडत असताना, कोणी ध्वनिवर्धकाच्या तारा गुंडाळत असताना, आणि सर्वांत जास्त गायनवृंदाच्या सरावात. सरावाला गीतपुस्तके हमखास कमी पडतात, म्हणून दोघींत एक पुस्तक येते. एकीने धरायचे आणि दुसरीने पान उलटायचे. ओळ संपण्याच्या किंचित आधी पान उलटावे लागते, आणि हे किंचित म्हणजे किती, ते पुस्तक धरणारीच्या श्वासावरून ओळखावे लागते. आठ-दहा सराव झाले की त्याच दोघी जेवणाच्या टेबलापाशीही शेजारी बसलेल्या दिसत, आणि याची सुरुवात कधी झाली हे त्यांना स्वतःलाही सांगता येत नसे. तुम्हाला गाता येत नसेल तर खुर्च्या मांडायला जा. तिथे कोणी आवाजाची परीक्षा घेत नाही.

आता सोबतिणीविषयी. १५२९ साली पॅरिसच्या सांत-बार्ब महाविद्यालयात तीन विद्यार्थी एका खोलीत राहू लागले. पिएर फाव्र आणि फ्रान्सिस झेवियर हे दोघे तेवीस वर्षांचे आणि आधीपासून एकत्र राहणारे. नव्याने आलेला इग्नेशियस लोयोला त्यांच्याहून सुमारे पंधरा वर्षांनी मोठा, लढाईतल्या जुन्या जखमेमुळे लंगडत चालणारा आणि ॲरिस्टॉटल समजून घेताना मेटाकुटीला येणारा. फाव्रने त्याला अभ्यासात मदत केली आणि त्या शिकवणीतून त्यांची गट्टी जमली. झेवियरला मात्र मोठ्या पदाची स्वप्ने पडत होती आणि या पोक्त विद्यार्थ्याच्या भाविकपणाची तो थट्टा करी. तो वळायला आणखी काही वर्षे जावी लागली. १५ ऑगस्ट १५३४ रोजी मोंमार्त्रच्या टेकडीवर ज्या सात जणांनी एकत्र शपथ घेतली त्यांत हे तिघेही होते, आणि पुढे १५४० साली पोपची मान्यता मिळालेला येशूसंघ, म्हणजे जेझुइट धर्मगुरूंचा संघ, याच मंडळीतून उभा राहिला. ही गोष्ट प्रवचनात बहुधा इग्नेशियसच्या चिकाटीची म्हणून सांगितली जाते. मी वसतिगृहात दिवस काढलेली बाई असल्यामुळे मला त्यातली खोली दिसते : एक जण हसतो, एक जण शिकवतो, एक जण अडखळत शिकतो, आणि तरीही तिघांचे बिऱ्हाड मोडत नाही.

एक सावधगिरी मात्र सांगते. झेवियर शेवटी वळला म्हणून आपली सोबतीणही वळेल, असा बेत मनात धरून तिच्याशी मैत्री करू नका. असा बेत समोरच्याला दुसऱ्याच दिवशी कळतो आणि तो अपमानास्पद वाटतो. ती तुमच्या तापासाठी जागली. तुम्ही सकाळी चॅपलला निघताना दिवा न लावता कपडे घ्या आणि दार हळू ओढा. एवढ्याने तिला तुमच्या श्रद्धेविषयी जे कळायचे ते कळेल.

प्रश्न : मी ख्रिस्ती नाही. आमच्या महाविद्यालयात चॅपलची हजेरी लागते. मित्र जेवणाआधी डोळे मिटून प्रार्थना करतात तेव्हा मी काय करावे, हे मला समजत नाही. एकदा उपासनेत सगळे रांगेने पुढे गेले म्हणून मीही गेलो आणि भाकर घेतली; त्यावर एक जवळचा मित्र नाराज झाला.

उत्तर : जेवणाआधीचा प्रश्न सोपा आहे : त्यांची प्रार्थना संपेपर्यंत हात आवरून गप्प बसा. डोळे मिटायची किंवा 'आमेन' म्हणायची गरज नाही. थांबणे हा शिष्टाचार आहे, तो श्रद्धेचा कबुलीजबाब होत नाही.

दुसरी बाब अधिक नाजूक आहे. जी भाकर तुम्ही घेतली तिला प्रॉटेस्टंट मंडळी प्रभुभोजन म्हणतात आणि कॅथलिक मंडळी ख्रिस्तप्रसाद म्हणतात. कॅथलिक श्रद्धेनुसार ते साक्षात ख्रिस्ताचे शरीर असते, म्हणून मिस्सामध्ये, म्हणजे कॅथलिक उपासनेत, ते साधारणपणे कॅथलिकांनाच दिले जाते. अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत बाप्तिस्मा झालेल्या कोणत्याही ख्रिस्ती व्यक्तीला ते घेता येते. तुमच्या मित्राला वाटले असेल की त्याच्या लेखी जे सर्वांत पवित्र आहे ते तुम्ही अल्पोपाहारासारखे उचलले. तुम्हाला माहीत नव्हते, हे त्याला सरळ सांगा. पुढच्या वेळी जागेवर बसून राहा. पुष्कळ ख्रिस्ती लोकही काही ना काही कारणाने बसून राहतात आणि कोणी मागे वळून पाहत नाही. कित्येक ठिकाणी छातीवर हात आडवे धरून पुढे गेल्यास भाकरीऐवजी फक्त आशीर्वाद दिला जातो; तुमच्याकडे तशी पद्धत आहे का, हे चॅप्लेनना, म्हणजे महाविद्यालयाच्या धर्मगुरूंना, विचारा, आणि त्याच भेटीत हजेरीला काही पर्याय आहे का तेही विचारून घ्या.

प्रश्न : आमच्या बायबल अभ्यास गटातल्या एका मैत्रिणीला मी विश्वासाने सांगितले की माझे आईवडील विभक्त होत आहेत. दोन दिवसांनी दुसऱ्याच गटातल्या मुलीने मला जिन्यात गाठून, 'आम्ही तुझ्या घरासाठी प्रार्थना करतो आहोत,' असे सांगितले. मैत्रीण म्हणते की तिने फक्त प्रार्थनेची विनंती केली होती. मला रागवायचा हक्क आहे की नाही, हेच कळेनासे झाले आहे.

उत्तर : आहे, आणि पुरेपूर आहे. ज्या गटांत लोक एकमेकांसाठी प्रार्थना करतात त्या गटांना जडणारा हा खास आजार आहे. वाईट हेतूने केलेली कुजबुज ऐकणाऱ्याला निदान थोडी लाज वाटते. प्रार्थनेच्या नावाने केलेली कुजबुज ऐकताना तेवढीही वाटत नाही, म्हणून ती अधिक दूर जाते. तुमची मैत्रीण दुष्ट नसावी. आपण तुमच्यासाठी काहीतरी करतो आहोत, असेच तिला मनापासून वाटले असेल. पण ज्या देवाला सर्व ठाऊक आहे अशी तिची श्रद्धा आहे, त्याला तुमचे नाव आणि घरचा तपशील तिने दहा जणींसमोर सांगायची काही आवश्यकता नव्हती. 'माझ्या एका मैत्रिणीवर कठीण वेळ आली आहे,' एवढे पुरले असते, आणि तेही तुम्हाला विचारून.

यावर काय करायचे, हे त्या गटाच्याच पुस्तकात आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या अठराव्या अध्यायात सांगितले आहे की बंधूने अपराध केला तर आधी त्याला एकांतात गाठून सांग. ऐकले नाही तर एकदोघांना बरोबर ने. त्यानंतरच मंडळीपुढे जा. म्हणून पहिल्यांदा तिला एकटीला भेटा आणि 'तू माझी गोष्ट मला न विचारता दिलीस,' हे एक वाक्य बोलून थांबा. ती समर्थन करू लागली तर वाद घालू नका. ते वाक्य रात्री तिला पुन्हा आठवेल. गट चालवणाऱ्या ताईंना मात्र नाव न घेता सुचवता येईल की विनंती मांडण्यापूर्वी ज्याची त्याची परवानगी घ्यायचा नियम करावा. आमच्या वसतिगृहात तसा नियम केल्यावर प्रार्थनेच्या विनंत्या निम्म्याहून कमी झाल्या. त्याचा अर्थ तुम्हीच काढा.

पुढे मन मोकळे करायचे झाल्यास कोणापाशी काय गुप्त राहते, ते जाणून घ्या. कॅथलिक धर्मगुरूला पापनिवेदनात ऐकलेले कोणत्याही कारणाने उघड करता येत नाही. चॅप्लेनशी किंवा समुपदेशकाशी झालेले साधे बोलणे सहसा खाजगी राहते; परंतु कोणाच्या जिवाला धोका असेल तर त्यांना ते पुढे सांगावे लागते, आणि ते योग्यच आहे. बायबल अभ्यास गटाला असे कोणतेच बंधन नसते.

प्रश्न : आम्ही चौघे पहाटे एकत्र प्रार्थना करतो. वसतिगृहातली मुले आम्हाला 'संतमंडळी' म्हणून चिडवतात. त्यामुळे आम्ही इतरांत मिसळणे कमी केले आहे. हे बरोबर आहे ना?

उत्तर : चिडवण्याचे मनावर घेऊ नका, मिसळणे कमी केल्याचे मात्र घ्या. १७२९ साली ऑक्सफर्डमध्ये चार्ल्स वेस्ली आणि त्याचे दोनतीन मित्र असेच एकत्र येऊ लागले. लवकरच त्याचा थोरला भाऊ जॉन त्यांचा म्होरक्या झाला. त्यांच्या वेळापत्रकी धार्मिकतेवरून इतर विद्यार्थी त्यांना 'पवित्र मंडळ' आणि 'मेथडिस्ट' म्हणून हिणवत. त्यातले दुसरे नाव पुढे एका मोठ्या ख्रिस्ती पंथाचे अभिमानाचे नाव झाले. पण ते मित्र खोलीत कोंडून बसले नव्हते. १७३० पासून ते तिथल्या किल्ल्यातल्या तुरुंगात कैद्यांना भेटायला जात. श्रीमंत विद्यार्थ्यांची सेवाचाकरी करून शिकणारा जॉर्ज व्हाइटफील्ड त्यांच्याकडे दुरून पाहत असे. यांच्यात जावे असे त्याला फार वाटे, पण धीर होत नसे. अखेर चार्ल्सने त्याला सकाळच्या न्याहारीला बोलावले. तुमच्याकडे दुरून पाहणारा असा कोणी आहे का, हे तुम्ही चौघांनी कधी मान वर करून पाहिले आहे काय? 'संतमंडळी' म्हणून ओरडणाऱ्यांतलाच तो एखादा असू शकतो.

प्रश्न : माझ्या मित्राने ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळात चाळीस दिवस फोनवरचे संदेश बंद ठेवायचे ठरवले आहे. मला एकही उत्तर येत नाही. मी रागवावे का?

उत्तर : रागवण्यापेक्षा पंचांग बघा. प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या दिवसापासून, म्हणजे राखेच्या बुधवारापासून, ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत दिवस मोजले तर ते शेहेचाळीस भरतात, चाळीस नव्हे. कारण मधले सहा रविवार प्रभूच्या पुनरुत्थानाचे दिवस म्हणून हिशेबात धरले जात नाहीत. पुष्कळ जण रविवारी आपला नेम सैल सोडतात. तुमचा मित्र सोडतो का, ते त्याच्या खोलीवर जाऊन विचारा, आणि सोडत असेल तर सगळे संदेश रविवारी सकाळी पाठवा. सोडत नसेल, तर तुम्ही त्याच्या दारात आलेलेच आहात.