लघुग्रहांची भावकी

लघुग्रहांची 'कुटुंबं' आकाशात घोळक्याने फिरतात का? (एक शिक्षिका, देवगड)

नाही. वाटण्या झालेल्या भावकीसारखी ती पांगलेली असतात. एक घर मुंबईला, एक गुहागरला, आडनाव तेवढं एक. इथे आडनाव म्हणजे कक्षा: सूर्यापासूनचं सरासरी अंतर, लांबटपणा आणि कल. ग्रहांच्या ओढीचे हेलकावे गणिताने वजा केले की काही लघुग्रहांची ही तिन्ही मापं जुळतात. जपानच्या कियोत्सुगु हिरायामांनी १९१८ मध्ये कोरोनिस, इओस आणि थेमिस ही कुळं अशीच ओळखली. प्रत्येकाचा मूळपुरुष टकरीत फुटलेला.

फुटून किती वर्षं झाली, हे कळतं कसं? (निवृत्त अभियंता, रत्नागिरी)

फूट ताजी असेल तर कक्षा गणिताने मागे फिरवायच्या. कोरोनिसच्याच पोटातलं कारीन कुळ असं मागे नेलं, तर ५८ लाख वर्षांपूर्वी सगळ्यांच्या कक्षा एका ठिकाणी येतात. भावकीत पुन्हा वाटणी!

जुन्या कुळांत हा हिशेब टिकत नाही. तिथे उपयोगी पडतो यार्कोव्हस्की परिणाम. आपला कातळ आठवा: ऊन डोक्यावर असताना नाही, त्यानंतर तो जास्त भाजतो. फिरत्या लघुग्रहाचंही तसंच. त्याची 'दुपार उलटलेली' बाजू जास्त उष्णता बाहेर टाकते आणि त्याचा अगदी बारीक धक्का बसतो. फिरण्याच्या दिशेप्रमाणे तो सूर्यापासून दूर तरी सरकतो, नाहीतर जवळ. धोंडा जितका लहान, तितका लांब. कुळातल्या सगळ्यांचं सूर्यापासूनचं अंतर आणि आकार कागदावर मांडले की इंग्रजी व्ही उमटतो. व्ही जितका पसरट, तितकं कुळ जुनं. मला या सगळ्या विषयात हीच युक्ती सर्वांत सुंदर वाटते.

सूर्यमालेच्या बालपणातलं एखादं कुळ उरलंय का? (विद्यार्थी, वेंगुर्ले)

आहे, पण विरलेलं. २०१७ मध्ये मार्को डेल्बो आणि सहकाऱ्यांनी मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या लघुग्रहपट्ट्याच्या आतल्या भागात सुमारे ४०० कोटी वर्षांचं काळपट कुळ शोधलं, तेही व्हीच्या खुणेवरूनच.

सड्यावर भोकाभोकांचा काळा दगड मिळाला. उल्का असेल? (बागायतदार, राजापूर)

बहुधा जांभाच. उल्कापाषाणाला सहसा भोकं नसतात. वरून जळकी पातळ साल असते. लोहचुंबक चिकटला म्हणून हुरळू नका, आपल्या किनाऱ्याची काळी वाळूही त्याला चिकटते. दगड फोडू नका, आधी फोटो पाठवा.