सोमाली 'क्लॅन'ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आहे: सोमाली कुटुंबांवरचा एक लेख मराठीत आणताना 'क्लॅन'साठी, म्हणजे एकाच मूळपुरुषाला मानणाऱ्या गटासाठी, टोळी लिहावं, जमात लिहावं की कूळ? आणि एकाच मूळपुरुषाच्या, पण वेगवेगळ्या देशांत विखुरलेल्या शाखांच्या नात्याला कोणता शब्द वापरावा?

टोळी नकोच. सोमालियाच्या बातम्यांत हा शब्द सर्रास दिसतो आणि दर वेळी मला खटकतो. आपल्याकडे टोळी जमते आणि पांगते. दरोडेखोरांची असो, ऊसतोड मजुरांची असो, हंगाम संपला की ज्याची वाट त्याला मोकळी. टोळीत कुणी जन्माला येत नाही. सोमाली माणूस मात्र आपल्या गोतात जन्मतोच. जमातही बसत नाही, कारण दोन 'क्लॅन'ची माणसं बहुधा एकच भाषा बोलतात आणि एकच धर्म पाळतात.

सोमालीतला त्यांचा शब्द आहे 'कबील', मूळ अरबी 'कबीला'. तोच शब्द आपल्याकडेही आला, पण वाटेत त्याचा अर्थ आक्रसला. जुन्या मराठीत 'कबिला' म्हणजे घरची बायकामुलं. त्यामुळे तो उचलून परत सोमालींना लावला, तर वाचक भलतंच समजेल. मी मोठ्या घटकांना 'कूळ' म्हणेन: दारोद, हाविये, दिर, इसाक, आणि दक्षिणेतले शेती करणारे दिगिल-मिरिफले. कूळ म्हटलं की काहींना कुळकायदा आठवेल, पण वाक्यात संदर्भ असला की घोटाळा होत नाही.

खरा नेमका शब्द लागतो तो रोजच्या व्यवहारातल्या नात्यासाठी. सोमालीत बापाकडून आलेल्या गोताला 'तोल' म्हणतात आणि लग्नाने जुळलेल्यांना 'हिदिद'. बोलताना जोडीनेच येतं: 'तोल इयो हिदिद'. याला मराठीत शब्द शोधावा लागत नाही, तो आपल्या तोंडात आहे: भावकी आणि सोयरे. गंमत म्हणजे 'तोल' याच उच्चाराचा दुसरा अर्थ शिवणं असा आहे, आणि 'हिदिद' म्हणजे झाडाचं मूळसुद्धा.

भावकी म्हणजे नुसतं रक्ताचं नातं नाही, त्यात देणंघेणं असतं. आपल्याकडे भावकीत कुणी गेलं की सुतक येतं, मग तो माणूस आयुष्यात एकदाही भेटलेला नसला तरी. सोमालींमध्ये हीच गाठ 'मग'च्या, म्हणजे खुनाच्या भरपाईच्या वेळी दिसते. पुरुषाच्या जिवाची परंपरेने ठरलेली भरपाई १०० उंट. ते एकटा गुन्हेगार देत नाही, त्याची भावकी वर्गणी काढते. भरपाई मिळाली तर ती मेलेल्याच्या भावकीत वाटली जाते. एकत्र भरणाऱ्यांचे हे गट काहीशे ते काही हजार पुरुषांचे असतात आणि त्यांचे आपसातले नियम 'हेर' या रूढ कायद्याने बांधलेले असतात. जमिनीवरून आणि पाण्यावरून भांडणंही यांच्यातच होतात, तेव्हा 'भाऊबंदकी' हा शब्दही हाताशी ठेवा.

आता दुरावलेल्या शाखा. 'शाखा' चूक नाही, पण तो बँकेचा वाटतो. आपल्याकडे याहून चांगला शब्द आहे: पाती. देवासला तुकोजी आणि जिवाजी पवार या दोन भावांची घराणी थोरली पाती आणि धाकटी पाती म्हणून ओळखली गेली. सोमालीतलं एक उदाहरण घ्या. इसाक कुळातल्या हबर अवल गोतात 'साद मूसा' आणि 'ईसे मूसा' अशा दोन पात्या आहेत. सोमालीत आडनाव नसतं. आपल्या नावामागे बापाचं, त्यामागे आजाचं, असं ते लांबत जातं. म्हणून साद मूसा म्हणजे मूसाचा साद. नाव ऐकलं की कळतं, या दोन पात्या मूसापाशी फुटल्या. आणि 'हबर' म्हणजे म्हातारी, आई. भाऊ एका बापाचे, पण आयांवरून वेगळे पडले, की गोताच्या नावात हा शब्द येतो.

वंश मुखोद्गत असणं याला ते 'अबतिरसिन' म्हणतात. 'अब' म्हणजे बाप, 'तिरी' म्हणजे मोजणं. वंशावळ हा शब्द इथे मला अपुरा वाटतो, कारण वंशावळ कागदावर असते आणि ही मुलांकडून लहानपणीच पाठ करून घेतलेली असते. मी 'बाप मोजणं' असंच लिहीन. दोन अनोळखी माणसं भेटली की मोजत मागे जातात, नाव जुळलं की थांबतात. ओगादेन हे गोत आज इथिओपियात आहे, केनियातल्या गारिसाकडे आहे, सोमालियाच्या जुबा खोऱ्यातही आहे. ईसे गोत जिबूती, इथिओपिया आणि सोमालीलँडमध्ये वाटलं गेलंय. पासपोर्ट तीन, मोजणी एकच. यांच्यासाठी 'दुरावलेली भावकी' लिहा. 'विभक्त' नको, विभक्त म्हणजे चूल वेगळी झालेले.

संवादांत एक काळजी घ्या. सोमालीत 'अदेर' म्हणजे चुलता, 'अबती' म्हणजे मामा, 'एद्दो' आत्या, 'हबरयर' मावशी (शब्दशः 'धाकटी आई'). इंग्रजीतून आणताना सगळेच 'अंकल' नि 'आंटी' होऊन येतात, तेव्हा मूळ शब्द विचारून घ्या आणि काका की मामा ते नीट लिहा. तिथे बापाची बाजू की आईची, यावर बरंच काही ठरतं. शिवाय सोमाली चुलता पुतण्यालाही प्रेमाने 'अदेर' म्हणूनच हाक मारतो, आई लेकराला 'होयो', म्हणजे 'आई' म्हणते. तिथे 'काका' किंवा 'आई' लिहिलंत तर वाचक गोंधळेल, 'बाळा' लिहा.