जुन्या गाडीचे मूळ क्रोम: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वडिलांची राजदूत जीटीएस १७५, म्हणजे लोकांच्या तोंडची ‘बॉबी’, आमच्या मळ्यातील शेडमध्ये बरीच वर्षे उभी होती. इंजिन आता सुरू झाले आहे आणि रंगही मूळचाच आहे. परंतु हँडल, रिमा आणि हेडलाइटची रिंग यांवर तपकिरी डाग पडले आहेत. मेकॅनिक म्हणतात की सगळे क्रोम नव्याने करून घ्यावे. मूळ क्रोम वाचवता येणार नाही का? (एक वाचक, मखमलाबाद, नाशिक)

उत्तर : ते बहुतांशी वाचवता येईल, आणि नवे क्रोम करण्याचा विचार आपण तूर्त बाजूला ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन. १९७३ च्या ‘बॉबी’ चित्रपटामुळे एस्कॉर्ट्सच्या या छोट्या गाडीला हे नाव चिकटले. आज रस्त्यावर किंवा प्रदर्शनात दिसणाऱ्या अशा अनेक गाड्या नव्याने रंगवलेल्या असतात. आपल्याकडे आहे ते पुन्हा विकत मिळणारे नाही.

गंज क्रोमला चढत नाही, हे प्रथम लक्षात घ्यावे. लोखंडी भागावर आधी निकेलचा थर दिला जातो, काही वेळा त्याखाली तांब्याचाही असतो, आणि सर्वांत वर क्रोमियमचा थर येतो, जो अशा शोभेच्या कामात साधारणपणे एका मायक्रॉनहूनही पातळ असतो. माणसाच्या केसाची जाडी ७० मायक्रॉनच्या आसपास धरली, तर तो किती तलम आहे याची कल्पना येईल. हा थर अतिशय कठीण असला तरी अखंड नसतो. त्यातील सूक्ष्म भेगांतून आणि निकेलमधील छिद्रांतून ओलावा लोखंडापर्यंत पोहोचतो, तेथे गंज धरतो आणि त्याच वाटेने वर येऊन भोवतालच्या शाबूत क्रोमवर पसरतो. त्यामुळे वर दिसणारा डाग मोठा असतो, त्याखालचे छिद्र मात्र अगदी बारीक असते, आणि म्हणूनच नुकसान वाटते त्यापेक्षा पुष्कळ कमी निघते.

सौम्य शाम्पूच्या पाण्याने भाग धुऊन कोरडा करावा आणि तेला-ग्रीसचा थर रॉकेलमध्ये किंवा टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या सुती फडक्याने उतरवावा, कारण चिकट धुळीवर तसेच घासले तर धुळीतील वाळूच ओरखडे काढते. त्यानंतर स्वयंपाकघरातील ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा चुरगळून, पाण्यात बुडवून, डागावर हलक्या हाताने फिरवावा. ॲल्युमिनियम क्रोमियमपेक्षा पुष्कळ मऊ असल्याने क्रोमला इजा होत नाही, आणि गंज मात्र तपकिरी लगद्याच्या रूपाने सुटून येतो. तो वरचेवर पुसावा आणि फॉइल बदलत राहावे. जोर लावावासा वाटू लागला की थांबावे. तारेची घासणी वापरू नये, कारण तिचे तुटलेले लोखंडी कण छिद्रांत अडकून राहतात आणि पहिल्याच पावसात गंजतात. पॉलिश पेपर आणि तांब्या-पितळेची भांडी घासण्याची पावडर हीदेखील दूर ठेवावीत.

फॉइलला दाद न देणाऱ्या डागांसाठी एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्त्व, विरघळवावे. त्यात भिजवलेला कापूस पंधरा-वीस मिनिटे डागावर ठेवून जागा स्वच्छ धुवावी, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसावी आणि पुन्हा धुऊन ताबडतोब कोरडी करावी. रिमांवर हे करताना विशेष जपावे लागते, कारण स्पोकवर पुष्कळदा जस्ताचा लेप असतो आणि आम्ल तो खाऊन टाकते. शौचालय साफ करण्याचे ॲसिड तर कोणी कितीही सुचवले तरी गाडीजवळ आणू नये. त्यातील हायड्रोक्लोरिक आम्लात खुद्द क्रोमियमच विरघळते.

डागांपेक्षा मला अधिक काळजी वाटते ती शेडची. मळ्याच्या शेडमध्ये बहुधा खतांच्या गोण्या आणि फवारणीची औषधेही असतात. म्युरेट ऑफ पोटॅश हे खत म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. त्याची धूळ पावसाळ्यात ओलावा धरून भागांवर बसते, आणि क्लोराइड हा क्रोम-निकेलचा मोठा शत्रू आहे. मोरचुदाचे, म्हणजे कॉपर सल्फेटचे, पाणी उघड्या पडलेल्या लोखंडावर उडाले तर त्यातील तांबे तेथे बसते आणि शेजारचे लोखंड झपाट्याने गंजते. गाडी तेथून हलवल्याशिवाय केलेली सफाई टिकणार नाही. नाशिकची थंडी आपणास ठाऊक आहेच. पहाटे गार पडलेल्या धातूवर दव धरते आणि प्लॅस्टिकचा कागद टाकला असेल तर ते आतच कोंडते, म्हणून सुती आच्छादन घालावे आणि चाकांखाली लाकडी फळी ठेवावी.

सफाईनंतर मोटारीच्या रंगासाठी मिळणारे, घासणारे कण नसलेले कार्नोबा मेण दोनदा पातळ लावावे, आणि पावसाळ्याच्या आधी व दिवाळीनंतर ते पुन्हा लावत जावे. उघडी पडलेली छिद्रे बुजवण्याचे काम हे मेणच करते. हँडलच्या नळीचे आतले अंग आणि टायरखालची रिमेची बाजू यांना विसरू नये. तेथे क्रोमचा थर सर्वांत विरळ असतो.

प्रश्न : माझ्या गाडीच्या एका रिमेवरील क्रोमचे पापुद्रे सुटत आहेत. एवढी एकच रिम अंबडच्या एखाद्या प्लेटिंगच्या कारखान्यातून करून घ्यावी का? (एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक)

उत्तर : पापुद्रे सुटले म्हणजे थरांची पकड गेली आहे, आणि ती कोणत्याही सफाईने परत येत नाही; अशा रिमेचे नव्याने प्लेटिंग करणे योग्यच आहे. मात्र आधी रिम सोडवून आतून तपासावी, आणि स्पोकच्या भोकांभोवती लोखंड खाल्ले गेले असेल तर ती चालत्या गाडीवर पुन्हा चढवू नये. प्लेटिंगपूर्वी जुने थर काढून धातू बफवर, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या चाकावर, घासतात; त्यात कडा बोथट होतात आणि ठोकलेली अक्षरे पुसट होतात, म्हणून बफिंग बेताचे करावे आणि निकेलचा थर भरपूर द्यावा, हे काम देतानाच स्पष्ट सांगावे. दुसरी रिम नुसती पिवळसर झाक मारत असेल तर तिला हात लावू नये. तेथे क्रोम झिजून निकेल दिसू लागले आहे, पण लोखंडाचे रक्षण अजून होत आहे. दोन रिमांची चमक वेगळी दिसेल, ते खुशाल दिसू द्यावे.

प्रश्न : सायलेन्सरचा वाक निळा-जांभळा पडला आहे. तो पॉलिशने जाईल का? (एक वाचक, देवळाली कॅम्प)

उत्तर : हा रंग मळाचा नसून उष्णतेने पृष्ठभागावर धरलेल्या ऑक्साइडचा आहे. बारीक मेटल पॉलिशने तो फिका होतो, पण प्रत्येक वेळी क्रोमचाही अंश जातो, आणि जादा उष्णतेचे कारण कायम असेल तर काही दिवसांत रंग परततो. आधी कार्ब्युरेटरचे मिश्रण, त्याच्या जोडावरील हवेची गळती आणि इग्निशनचे टायमिंग तपासून घ्यावे. टू-स्ट्रोकच्या जळक्या तेलाची पुटे सायलेन्सर पूर्ण गार झाल्यावर रॉकेलने मऊ करून लाकडी पट्टीने काढावीत. मेण येथे जळून जाते, त्यामुळे या भागाला ते लावू नये. गाडी बंद ठेवायची असेल तेव्हा तेलाचा पातळ हात द्यावा आणि पुन्हा सुरू करण्यापूर्वी तो पुसून टाकावा.