आईला पॉडकास्ट लावून देण्याआधी वेगाचा आकडा बघा

तुमची पोस्ट दोनदा वाचली. काचबिंदूने आईंची नजर गेली, जन्मभर वाचणारी बाई रिकामी बसून राहते, म्हणून तुम्ही वीस नावाजलेले पॉडकास्ट (फोनवर हवे तेव्हा ऐकायचे, रेडिओसारखे कार्यक्रम) फोनमध्ये भरून दिलेत आणि चौथ्या दिवशी त्या म्हणाल्या, 'मला नाही जमत हे.' हे वाचून पोटात कालवलं. माझ्या वडिलांचीही, आमच्या नानांची, नजर गेली आहे; त्यांचे शब्द अगदी हेच होते.

अ‍ॅप कुठलं, सबस्क्राइब कसं करायचं हे तुम्हाला येतंच, ते सोडते. आधी एकच करा. आईंच्या फोनवर भाग कितीपट वेगाने वाजतोय तो आकडा बघा. एक असेल तर ठीक. सव्वा किंवा दीड असेल तर आधी तो एकवर आणा, बाकीचं उत्तर नंतर वाचा.

माझ्याकडून झालं ते असं. नाना चिपळूणला, मी ठाण्याला. सुट्टीला गेले तेव्हा त्यांच्या फोनवर वेगळं खातं काढायचा कंटाळा केला आणि माझंच खातं उघडून दिलं. मी प्रवासात दीडपट वेगाने ऐकते, शिवाय बोलण्यातली शांतता गाळून टाकायची सोय चालू ठेवलेली. त्या सगळ्या सेटिंग खात्याबरोबर त्यांच्या फोनवर गेल्या. नानांनी तक्रार केली नाही. फोनवर विचारलं की म्हणायचे, "ऐकतो गं, पण हल्लीची माणसं श्वास न घेता बोलतात." मी हसून सोडून द्यायचे. दोन महिने असे गेले. मग ऐकणं बंद झालं.

गणपतीत घरी गेले तेव्हा पडवीत त्यांच्या आरामखुर्चीशेजारी बसून एक भाग लावला. निवेदक एका वाक्यातून दुसऱ्यात शिरत होता, मध्ये फट म्हणून नाही. स्क्रीनच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात १.५ दिसलं. ते एकवर आणलं, शांतता गाळणं बंद केलं, तोच भाग पुन्हा सुरू केला. आवाज खाली उतरला, मधला श्वास ऐकू यायला लागला. खुर्चीच्या हातावर चाळा करणारी नानांची बोटं थांबली. त्यांनी विचारलं, "हा दुसरा माणूस आहे का?"

त्या रात्री आईने सांगितलं की नाना तिला म्हणाले होते, डोळ्यांबरोबर माझं डोकंही गेलं बहुतेक. छत्तीस वर्षं शाळेत शिकवलेला माणूस दोन महिने स्वतःला गेल्यात जमा धरून बसला होता, तो माझ्या आळसामुळे. वय झालं की भरभर बोललेलं समजायला जड जातं, कान शाबूत असले तरीही. हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून इथे एवढं लांबण लावून लिहिते आहे. (मी डॉक्टर नाही. ऐकायलाही कमी येत असेल तर कानाची तपासणी आधी करून घ्या.)

आता तुमच्या यादीबद्दल. माझं मत थोडं कडक वाटेल, पण नव्या माणसाला पॉडकास्ट सुचवूच नये, एक भाग सुचवावा. आपल्या आईवडिलांची पिढी रेडिओवर वाढली. रेडिओ ठरलेल्या वेळी यायचा आणि एका वेळी एकच गोष्ट सांगायचा. आपण त्यांच्यापुढे ढीग ओततो आणि निवडा म्हणतो. नानांसाठी मी सगळं काढून टाकलं आणि एकच भाग ठेवला. दुपारचा चहा झाला की ऐकायचा. पहिले आठ दिवस मी फोनवर विचारायचे, आज काय ऐकलंत. ते सांगायला लागले की पुढचा भाग निवडणं सोपं जायचं.

नावंच हवी असतील तर मराठीत सुरुवातीला बीबीसी मराठीचं 'गोष्ट दुनियेची' बरं पडतं. एक विषय, बांधीव निवेदन, गोंधळ नाही. गप्पा आवडत असतील तर 'अमुक तमुक', मुलाखती आवडत असतील तर 'थिंक बँक' किंवा 'मित्रम्हणे'. पण पाहुणा ओळखीचा किंवा आवडीचा असेल तोच भाग लावा, नाहीतर तास जड जातो. हिंदी चालत असेल तर 'पुलियाबाज़ी'. प्रणय कोटस्थाने आणि सौरभ चंद्रा धोरणांसारखा रुक्ष विषय घरच्या बैठकीत बोलावा तसा बोलतात. इंग्रजी चालत असेल तर बीबीसीचं 'इन अवर टाइम'. १९९८ पासून चालू आहे. सूत्रधार आणि तीन अभ्यासक, एका भागात एकच विषय, पाऊण तासाच्या आसपास. मागचंपुढचं ऐकायला लागत नाही. नानांनी सम्राट अशोकावरचा भाग ऐकून मला अर्धा तास इतिहास शिकवला.

अमित वर्मांचं 'द सीन अँड द अनसीन' माझं स्वतःचं अतिशय आवडतं, पण सुरुवातीला देऊ नका. २०१७ मधले पहिले भाग छोटे आहेत, नंतरचे कित्येक भाग चार-पाच तासांचे आहेत. आणि एकच गोष्ट ओळीने सांगणारं 'सीरियल'सारखं इंग्रजी पॉडकास्ट लावाल तर पहिल्या भागापासूनच लावा. २०१४ चा पहिला सीझन बारा भागांचा आहे, एकाच खुनाच्या खटल्याचा. अ‍ॅपमध्ये पुष्कळदा सर्वात नवा भाग वर दिसतो आणि माणूस गोष्टीच्या शेवटाला जाऊन पडतो.

मराठी पॉडकास्ट बरेचसे व्हिडिओ म्हणून येतात, ही एक अडचण आहे. पाहुणा फोटो दाखवतो, 'हे बघा' म्हणतो आणि न दिसणाऱ्या माणसाला आपण बाहेर उभे आहोत असं वाटतं. शिवाय यूट्यूबवर पैसे भरलेले नसतील तर स्क्रीन बंद झाली की आवाजही बंद. तोच भाग ऑडिओ अ‍ॅपवर आहे का ते आधी शोधा. चिपळूणला पावसात नेटवर्क रोज जातं, म्हणून मी रात्रीच वायफायवर उतरवून ठेवायला लावते. तासाभराचा ऑडिओ चांगल्या प्रतीचा असला तरी ६० एमबीच्या आत बसतो, व्हिडिओ कितीतरी पट खातो.

आणखी एक, याचा राग माझा अजून गेलेला नाही. आम्ही वापरत होतो ते अ‍ॅप कंपनीने बंद केलं. नाव घेत नाही. नानांनी कुठला भाग कुठवर ऐकला, कुठल्या भागांना खूण केली, सगळं गेलं. मी मदतकेंद्राला पाच मेल लिहिले. वडिलांना दिसत नाही, ही यादी त्यांच्यासाठी का महत्त्वाची आहे, सगळं सविस्तर लिहिलं. पाचही वेळा तेच छापील उत्तर आलं, खाली वेगवेगळी नावं. त्यामुळे बऱ्याच अ‍ॅपमध्ये ओपीएमएल नावाची फाइल बाहेर काढायची सोय असते, तुमच्याकडे असेल तर ती आजच वापरा आणि फाइल स्वतःला मेल करून ठेवा. त्यात सबस्क्रिप्शनची यादी राहते, ऐकलेल्याच्या खुणा राहत नाहीत. त्या मी आता वहीत लिहिते, तारखेसकट.

आईंना टचस्क्रीन जमतच नसेल तर हट्ट करू नका. भाग एमपीथ्री म्हणून उतरवून पेनड्राइव्हवर घाला आणि खटक्यांचा साधा यूएसबी स्पीकर द्या. चालू-बंदच्या बटणावर कापडी चिकटपट्टीचा तुकडा लावा, बोटाला लगेच कळतं. इअरफोन मात्र नको. कुणी हाक मारली तर ऐकू येत नाही आणि दचकायला होतं, आमच्याकडे तसं झालंय.

हे सगळं आमच्या घरचं आहे, तुमच्याकडे वेगळं असू शकतं. आई पूर्वी काय वाचायच्या ते लिहा. प्रवासवर्णनं, चरित्रं, रहस्यकथा, दिवाळी अंक, काय? आणि दिवसाची कुठली वेळ त्यांना सगळ्यात लांब वाटते? तेवढं कळलं की मी एक भाग सुचवते, एकच.