परराष्ट्र व्यापार धोरणाने सीमेवरच्या दुर्गम गावाला खरंच काही फरक पडतो का?

पडतो की, आणि चांगलाच पडतो. मी श्रीवर्धनकडचा, घरची पोफळीची वाडी आहे (निसर्ग वादळात बऱ्याच पोफळी गेल्या तो विषय वेगळा), त्यामुळे सुपारीचंच उदाहरण देतो.

फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राने सुपारीची किमान आयात किंमत किलोला २५१ वरून ३५१ रुपये केली, म्हणजे त्याखालच्या भावाची सुपारी बाहेरून आणायचीच नाही. वर ड्युटी (आयात शुल्क) १०० टक्के. कोकण, गोवा, कर्नाटकातल्या बागायतदारांना आधार मिळावा म्हणून हे, आणि आम्हाला ते हवंच होतं, खोटं कशाला बोलू.

आता तिकडे मिझोरमला चला. चंफाई जिल्ह्यात झोखावथार म्हणून गाव आहे, मध्ये तियाउ नदी आणि पलीकडे म्यानमार, दोन्हीकडे नातेवाईक. बर्मी सुपारी आपल्यापेक्षा कितीतरी स्वस्त, म्हणजे रीतसर बिलाने ती येऊच शकत नाही, मग रात्री पोती नदी ओलांडतात. भावात एवढी तफावत ठेवली की तस्करी होणारच ना! पूर्वी मणिपूरच्या सीमेवरच्या मोरेह गावात वस्तूच्या बदल्यात वस्तू असा व्यापार चालायचा, १९९५ पासून, ठरलेल्या यादीतला माल सवलतीच्या ५ टक्के ड्युटीवर, आणि त्या यादीत सुपारीही होती. डिसेंबर २०१५ मध्ये ते बंद करून नॉर्मल ट्रेड, म्हणजे बँकेतून पैसे देऊन नेहमीची आयात-निर्यात, सुरू केली. कागदावर ठीक आहे, पण बँक, एलसी (पैसे देण्याचं बँकेचं हमीपत्र), आयात कोड (आयातदाराचा सरकारी नोंदणी क्रमांक) हे सगळं डोंगरातल्या छोट्या दुकानदाराने कुठून आणायचं?

सगळ्यात वाईट हाल मात्र मिझोरमच्याच शेतकऱ्यांचे, ज्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही. मामित, कोलासिब भागात लोक स्वतः सुपारी पिकवतात. तो माल बाहेर काढायचा तर आसाम किंवा त्रिपुरातून न्यावा लागतो आणि तिथे बर्मी माल समजून गाड्या अडवतात, २०२२ मध्ये यावरून तिकडे बरीच बोंबाबोंब झाली होती. सुपारीवर काय देशाचा शिक्का असतो? पोलिसांनाही सांगता येत नाही, मग ट्रक उभा आणि माल सडतो. म्हणजे ज्या नियमाने आमचा भाव टिकतो त्याच नियमाने तिकडचा बागायतदार चोर ठरतो, तोही भारतीयच असून.

किंमत ३५१ वरून खाली आणा असं मी म्हणणार नाही, आमचंही पोट आहे. पण तिकडच्या बागांची नोंद करून गावातच दाखला द्यायला काय हरकत आहे, म्हणजे गाडी नाक्यावर अडकणार नाही.